नोर्जमा आणि दोनदा गेलेलं सील

खुरेन-बुलागच्या पेट्रोलपंपामागे मालगाडीचा एक जुना डबा उभा होता, आणि त्याच्यापुढे जमिनीत माणूसभर खोल खड्डा होता. खड्ड्यावर गाडी उभी राहायची आणि खाली नोर्जमा उतरायची. तालुक्यात नोर्जमा दोन. एक पोस्टात बसायची. म्हणून हिला लोक खड्ड्यातली नोर्जमा म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

बाई बुटकी, खांद्यांनी रुंद, डोक्याला कायम निळा रुमाल. खड्ड्यात उतरण्याआधी ती गाडीच्या मागच्या चाकांशी वाकून वास घ्यायची. गिअर ऑइलला कुजक्या अंड्यासारखा वास असतो. ते कुठून झिरपत असेल तर डोळ्यांआधी तिच्या नाकाला कळायचं. नवखे ड्रायव्हर हसायचे. जुने गप्प उभे राहून तिच्या तोंडाकडे बघायचे, नाडी बघणाऱ्या वैद्याकडे बघावं तसे.

ती मूळची मेकॅनिक नव्हे, लेथवर लोखंड कातणारी. सतराव्या वर्षी तिला सरकारनं दार्खानच्या कारागीर शाळेत पाठवलं होतं. दोन वर्षांनी परत आली ती थेट तालुक्याच्या ट्रक-आगारात. तिथं चाळीस ट्रक होते आणि लेथ एकच. लेथवर दांबा मास्तर नावाचा मितभाषी म्हातारा. त्यानं पहिल्या दिवशी तिच्या हातात एक घासलेली दांडी दिली आणि म्हणाला, "डोळे मीट. नख फिरव. कुठं अडलं ते सांग."

तिनं नख फिरवलं. एका जागी केसाएवढी खाच लागली.

"इथं."

"इथं काय फिरत होतं?"

"नाही माहीत, मास्तर."

"सीलचा ओठ. तेल अडवणाऱ्या रबरी कड्याची आतली कड. रबर मऊ, लोखंड कठीण, आणि तरी रबरानं लोखंडाला खाच पाडली. कशी?"

तिला सांगता येईना. मास्तरनं आठवडाभर तिला तेच विचारलं. शेवटी तिनंच एक जुनं सील चिरून पाहिलं. रबराच्या ओठात बारीक धूळ रुतून बसली होती, पॉलिशच्या कागदासारखी. तेव्हा मास्तर पहिल्यांदा हसला आणि चहातली स्वतःच्या वाटणीची साय तिच्या वाटीत घातली.

पंधरा वर्षं तिनं लेथ चालवला. मग सरकार बदललं, आगार मोडलं. ट्रक ड्रायव्हरांनी वाटून घेतले, छपराचे पत्रे कुणीतरी रातोरात नेले, आणि लेथ भंगारवाल्यांनी तुकडे करून दक्षिणेकडे सीमेपार पाठवला. तिच्या वाट्याला हा मालडबा आला, आणि त्यात दोन खोकी भरून जुनी सीलं, बेअरिंगं, नट.

दोन हिवाळ्यांत खोकी रिकामी झाली. नवा माल येईना. गाड्या तर चालायलाच हव्यात. लोकर कुठून जाणार, पीठ कुठून येणार? तेव्हा नोर्जमानं याकचं कातडं मेंढीच्या चरबीत भिजवून त्याची सीलं कापली. बाहेरून नमद्याची, दाबलेल्या लोकरीची, एक चकती. असलं सील हजारभर किलोमीटर चालायचं, कधी दीड हजार. मग ड्रायव्हर परत यायचा आणि म्हणायचा, "ताई, तुझी मेंढी गळायला लागली गं."

तिचा नवरा लुव्सान शाळेच्या बॉयलरवर कोळसा घालायचा. भला माणूस, पण त्याला गाडी लागायची. बसल्यापासून दहाव्या मिनिटाला रंग उडायचा, पंधराव्या मिनिटाला गाडी थांबवावी लागायची. मेकॅनिक बाईचा नवरा गाडीत ओकतो, हा तालुक्याचा आवडता विनोद होता. लुव्सान स्वतःही तो सांगायचा.

पुढं माल मिळायला लागला. पिशवीतून, दोरीत ओवून, बाजारातल्या टपऱ्यांवर नवी रबरी सीलं लटकू लागली. नोर्जमाचा हात बसलेला होताच. तिच्या कामाला कुणी नावं ठेवत नसे. एकदा मात्र ठेवली.

त्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला योंदोन आला. योंदोन आगारातला जुना ड्रायव्हर, तिच्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, अंगानं आडवा, बोलण्यानं त्याहून आडवा. आगारातला सत्तावीस नंबरचा ट्रक त्याच्या वाटणीला आला होता आणि त्या ट्रकवर तो घोड्यासारखा जीव टाकायचा.

"नोर्जमा, बघ गं जरा. सत्तावीस नंबर मुततोय."

"पुढून की मागून?"

"घोडा पुढून मुतेल का?"

"ट्रक मुततो पुढूनही. बाजूला हो."

ती खड्ड्यात उतरली. मागच्या धुऱ्याच्या, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या लोखंडी आसाच्या, मधोमध डिफरन्शियलचा लोखंडी गोळा असतो. इंजिनाकडून येणारी लांब फिरती दांडी तिथं गोळ्याच्या नाकात शिरते. त्या नाकाशी तेल ओघळून खालचा सगळा भाग काळा झाला होता आणि त्यावर वाटेची धूळ बसून पोळीएवढा जाड थर जमला होता.

तिनं थर खरवडला. लांब दांडीचे चार बोल्ट सोडून ती बाजूला दोरीनं बांधली. मधल्या नटावर आणि त्याच्या आट्यांवर छिन्नीनं एकेक खूण केली. नट परत त्याच जागी यायला हवा. त्याहून जास्त आवळला तर आतलं बेअरिंग जळतं, सैल राहिला तर दांडी डुलते आणि डुलणारी दांडी कसलंही सील महिन्यात खाते. मग नट काढला, दांडी ज्याला जोडतात तो तुकडा ओढून काढला, आणि वाकड्या सळीनं जुनं सील उचकटलं.

सीलचा ओठ अजून बराच मऊ होता. ते तिच्या ध्यानात आलं होतं. नंतर तिनं स्वतःच ते कबूल केलं. थंडीनं गेलेलं सील वाळल्या अरूलसारखं, सुकवलेल्या दह्याच्या वडीसारखं, कडक होतं, दाताखाली धरावं तर मोडतं. वयानं गेलेल्याला भेगा पडतात. याला दोन्ही नव्हतं. ओठ फक्त बाहेरच्या बाजूला उलटला होता, रुसलेल्या पोराच्या ओठासारखं.

"बाजारातलं दिसतंय," ती म्हणाली.

"मग! आता कुठं मिळतोय जुना माल," योंदोन वरून म्हणाला.

तिनं नवं सील चरबी लावून लाकडी कड्यानं चारी बाजूंनी हळूहळू ठोकून बसवलं. तेल भरलं. तासा-दीड तासाचं काम. योंदोननं आइरागचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, डबा आणि सुकं मांस ठेवलं आणि गेला.

अठरा दिवसांनी तो परत आला. त्याच जागी तेल.

पंपावर आणखी तिघे ड्रायव्हर होते. योंदोनला ऐकणारे मिळाले की त्याची जीभ सुटायची.

"या, या, बघा! नोर्जमाबाईंचं सील! निवडणुकीतल्या आश्वासनासारखं, मोजून अठरा दिवस!"

"नदी ओलांडून आलास?" नोर्जमानं विचारलं.

"नदी न ओलांडता माझं घर कुणाला सापडलंय?"

"मागचा श्वास साफ आहे ना?"

धुऱ्याच्या वरच्या अंगाला बोटभर उंचीची एक पोकळ नळी असते. चालून चालून आतलं तेल तापतं, हवा फुगते; फुगलेली हवा त्या नळीतून निघून जाते. तिला तिथले सगळे श्वासच म्हणत. ती असते वर, स्प्रिंग आणि पाट्यांच्या सांदीत. खड्ड्यातून दिसत नाही, हात वळवून चाचपावी लागते.

"मला शिकव आता तू!" योंदोन म्हणाला. "पंचवीस वर्षं ट्रक हाकतोय. श्वास साफ आहे, नाक साफ आहे, तुझं सील तेवढं भिकार आहे. आणि लवकर कर. उद्या तंबू उतरवायचाय, बायको खांदसुरेन घरी फुरफुरत बसलीय."

तिघे ड्रायव्हर हसले. नोर्जमाचे कान तापले. एकदा लावलेलं सील तिच्या हातून परत यावं हे तिला झोंबलं होतं. तिनं सील काढलं, दांडीच्या तुकड्यावर नख फिरवलं. खाच होती, बारीक. हेच कारण, तिनं ठरवून टाकलं. लेथ असता तर खाच उतरवली असती. तो नव्हता, म्हणून तिनं नवं सील दोन मिलिमीटर जास्त आत बसवलं, म्हणजे त्याचा ओठ खाच सोडून गुळगुळीत जागेवर पडेल. कामात कसूर नव्हती. सील असं बसलं होतं की त्यातून मुंगी गेली नसती.

आणि श्वासाची नळी तिच्या डाव्या हातापासून वीतभर लांब होती. हात वळवला असता तर बोट पोचलं असतं. योंदोन साफ आहे म्हणाला, तिनं ऐकलं.

पंधरा दिवसांनी, सप्टेंबरात, योंदोन शेजाऱ्यांचा तंबू शरदाच्या कुरणावर नेऊन देत होता. ट्रकवर भिंतींच्या जाळ्या, नमदे, चूल, पेट्या. केबिनमध्ये तो आणि खांदसुरेन. शेजारी घोड्यांवरून मेंढ्या घेऊन मागून येत होते. उलान-खिंडीचा उतार अर्धा उतरल्यावर योंदोननं ब्रेक दाबला आणि ट्रक मंदावला नाही. पुन्हा दाबला. मागच्या चाकांतून निळा धूर आला, पण चाकं फिरतच राहिली.

योंदोन बोलण्यात कसाही असो, हाकण्यात पक्का होता. त्यानं गिअर खाली ओढला, इंजिन किंचाळलं, तरी वळण जवळ येत होतं आणि वळणाच्या डावीकडे दरी होती. त्यानं ट्रक उजवीकडे डोंगरावर घातला. सुटी खडी चाकांखालून निसटली, ट्रक तिरपा झाला, क्षणभर तसाच राहिला आणि मग सावकाश, बसणाऱ्या उंटासारखा, एका कुशीवर आडवा झाला. चूल खाली फुटली. पेट्या गडगडत गेल्या. खांदसुरेनच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. योंदोनचा एक दात पडला. बाकी कुणाला काही झालं नाही.

चार दिवसांत गावभर झालं. हात गळ्यात बांधून खांदसुरेन दुकानात पिठाच्या रांगेत उभी राहायची आणि जो भेटेल त्याला सांगायची, "दोनदा सील लावलं तिनं. दोनदा! तेल गेलं ते सरळ ब्रेकांत. बायामाणसांनी लोकर पिंजावी. माझा नवरा भोळा, आपल्याच आगारातली म्हणून गेला."

पोस्टातल्या नोर्जमानं हे खड्ड्यातल्या नोर्जमाला येऊन सांगितलं. अगदी शब्द न् शब्द, एकही न गाळता.

त्या आठवड्यात खड्ड्यावर एक गाडी आली, तीही रस्ता विचारायला. नोर्जमा डब्यात बसून पाने पुसत राहिली. दुपारी लुव्सान जेवायला आला, तर चूल थंड.

"तू काही बोलत का नाहीस त्या बाईला?" त्यानं विचारलं.

"काय बोलू? मलाच कळत नाहीये. पुढचं सील फुटून तेल ब्रेकांत जात नाही. ब्रेक चाकात. चाक कुठं, नाक कुठं."

"मग तुझा दोष नाही."

"ते मी अजून पाहिलं नाहीये."

"ट्रक अजून खिंडीतच आहे," लुव्सान म्हणाला. त्यानं टोपी उचलली. "चल."

"तू? साठ किलोमीटर आहे."

"माहीत आहे मला किती आहे ते. पिशवी घे."

मागून आणलेल्या जीपमध्ये तो दोनदा ओकला. तिसऱ्यांदा पोटात काही उरलंच नव्हतं. खिंडीत पोचल्यावर तो एका दगडावर डोकं धरून बसला आणि नोर्जमा आडव्या पडलेल्या ट्रकजवळ गेली.

ट्रक कुशीवर असल्यानं सगळं तिच्या समोर भिंतीसारखं उभं होतं. खड्ड्यातून जे कधी दिसायचं नाही तेही. तिनं आधी स्वतःचं सील पाहिलं. कोरडं. एक थेंब नाही. मग मागच्या चाकाचा ड्रम उघडला. आतले ब्रेकचे लायनर, चाकाला घासून थांबवणाऱ्या पट्ट्या, तेलात निथळत होते. दुसऱ्या बाजूला तेच. धुऱ्याच्या टोकाला चाकांशी जी सीलं असतात त्यांचे ओठ बाहेरच्या अंगाला उलटले होते. पहिल्या सीलसारखेच.

उरलेलं तेल तिनं डब्यात काढलं. तेल काळं नव्हतं. दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं होतं. म्हणजे आत पाणी.

ती उभी राहिली आणि मग तिचा हात आपोआप वर गेला, श्वासाच्या नळीकडे. चिखलाचा वाळलेला गोळा होता. तिनं नखानं तो फोडला. चिखलाखाली लोखंड लागायला हवं होतं. लागलं लाकूड.

सूचिपर्णी झाडाची, नीट तासलेली खुंटी. कुणीतरी चाकूनं टोक काढून, ठोकून बसवलेली.

नोर्जमा खडीवर बसली. लुव्सान उठून तिच्याजवळ आला.

"काय सापडलं?"

तिनं खुंटी दाखवली. "नदी खोल असली की पाणी आत शिरू नये म्हणून ड्रायव्हर ही नळी बंद करतात. पलीकडे गेलं की काढायची. यानं काढलीच नाही."

"मग?"

"मग आतली हवा तापली, फुगली. बाहेर पडायला वाट नाही. तिनं नाकातलं सील ढकललं, तेल घेऊन बाहेर आली. ते मी बदललं. परत ढकललं. दुसऱ्यांदा मी असं घट्ट बसवलं की तिला तिथून जाता येईना." तिनं उघड्या ड्रमांकडे बोट केलं. "मग ती दोन्ही बाजूंना गेली. चाकांकडे. ब्रेकांत."

"पाणी कुठून आलं?"

"तापलेला गोळा नदीत उतरला की गार होतो. आतली हवा आक्रसते, बाहेरचं ओढून घेते. श्वास बंद, मग फाटक्या सीलमधून नदीच ओढली."

लुव्सान खुंटी हातात घेऊन फिरवत राहिला. "म्हणजे चूक योंदोनची. ही घेऊन जा आणि त्या बाईच्या पुढ्यात आपट."

"अर्धी त्याची," नोर्जमा म्हणाली. "सील का गेलं ते न बघता मी दुसरं लावलं. दोनदा. दांबा मास्तर असता तर त्यानं पाना फेकून मारला असता मला."

"तू विचारलं होतंस त्याला."

"विचारलं. पाहिलं नाही. लोक हसत होते म्हणून घाई केली."

परतीच्या वाटेवर लुव्सानला गाडी लागली नाही. त्याचं त्यालाच नवल वाटलं, पण त्या दिवशी ते बोलून दाखवायची त्याची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती योंदोनकडे गेली. तो चुलीपाशी बसून लगाम शिवत होता. खांदसुरेन पलंगावर. तिनं नोर्जमाला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. तरी चहा आला. दाराशी आलेल्याला चहा न देण्याइतकं वैर तिकडे कुणी कुणाशी करत नाही.

नोर्जमानं दोन घोट घेतले, वाटी खाली ठेवली आणि खुंटी बसक्या टेबलावर ठेवली.

योंदोननं पाहिलं. आधी ओळखलं नाही. मग त्याच्या हातातली सुई थांबली आणि चेहरा पिठासारखा झाला.

"कुठं होती ही?"

"जिथं तू ठोकलीस तिथं, योंदोनदादा."

"जूनमध्ये," तो पुटपुटला. "पूर आला होता. डॉक्टरीणबाईला पलीकडे नेलं, पाणी बंपरच्या वर होतं. मी ठोकली... पलीकडे बाळंतीण अडलेली. घाई होती. मग राहून गेलं."

"काय राहून गेलं?" खांदसुरेन आता इकडे वळली होती. "काय आहे ते लाकूड?"

मग नोर्जमानं सांगितलं, लुव्सानला सांगितलं होतं तसंच, सावकाश. उकळत्या चहाच्या किटलीचं तोंड बोळा घालून बंद केलं तर काय होईल, हेही सांगितलं. खांदसुरेन ऐकत होती आणि नवऱ्याकडे बघत होती. नोर्जमा पुढं म्हणाली, "वहिनी, दोष नुसता यांचा नाही. माझा हात तिथं पोचत होता. मी बघायला हवं होतं. दुसऱ्यांदा आले तेव्हा तरी. तेवढं सांगायला आले."

खांदसुरेन पलंगावर उठून बसली. मग बोलली ती एकदम.

"जून, जुलै, ऑगस्ट! तीन महिने पाचर मारून फिरवलास ट्रक? आणि मी आठवडाभर हिची अब्रू काढतेय रांगेत उभी राहून! अरे, मला तरी सांगायचंस, की मीच बोळा घातलाय म्हणून!"

"मला आठवतच नव्हतं गं..."

"बायकोचं माहेर किती मैल ते आठवतं, गेल्या वर्षी कुणी किती कप दारू प्याली ते आठवतं! आणि तू," ती नोर्जमाकडे वळली, "तू तर वासानं ओळखतेस म्हणे सगळं. नाक कुठं गहाण टाकलं होतंस?"

"खरंय, वहिनी."

"खरंय काय, खरंय! चहा पी, गार होतोय."

तिनं बऱ्या हातानं खुंटी उचलली आणि चुलीत टाकली. सूचिपर्णी झाडाचं राळेनं भरलेलं लाकूड, भसकन पेटलं.

ट्रक उभा करायला दोन ट्रक आणि अकरा माणसं लागली. तो ओढत खड्ड्यावर आणला, आणि नोर्जमानं मागचा सगळा धुरा उघडला. या खेपेला तिनं काहीही गृहीत धरलं नाही. पाणी लागून आतल्या दात्यांवर गंज धरलाय का ते पाहिलं. नुकताच धरू लागला होता, डिझेलनं धुऊन निघाला. बेअरिंगं हातानं फिरवून कानाशी धरून ऐकली. दांडी हलवून पाहिली. तीनही सीलं नवी घातली. श्वासाची नळी काढून तारेनं साफ केली आणि तोंडानं फुंकून पाहिली. तिच्या ओठांना दिवसभर कुजक्या अंड्याची चव राहिली.

योंदोन शेजारी उभा राहून पाने देत होता. इतका गप्प तो कधी कुणी पाहिला नव्हता. फक्त लायनरच्या वेळेला बोलला.

"तेल लागलंय तेवढंच ना? शेणाच्या विस्तवावर भाजून घेऊ. आगारात भाजायचो की."

"मेंढीचं मुंडकं भाजतात, दादा. लायनर नाही. नवे आण."

"जिल्ह्याला जावं लागेल."

"मग जा."

तो गेला. दुसऱ्याच्या गाडीतून, चार दिवस घालवून, नवे लायनर घेऊन आला.

खड्ड्यावर गिऱ्हाईक परत आलं. योंदोनच्या गोष्टीमुळे आलं असं म्हणता येणार नाही. योंदोननं ती पंपावर स्वतःच्या तोंडानं सांगितली खरी, पण तोवर ऑक्टोबर संपत आला होता, पारा उणे तीसच्या खाली उतरला होता, आणि उणे तीसमध्ये खड्ड्यात उतरणारं तालुक्यात दुसरं कुणी नव्हतं.

नोर्जमाची एक सवय मात्र त्या वर्षापासून पडली, आणि त्यावरून ड्रायव्हरांशी तिची रोजची भांडणं व्हायची. कुणी म्हणालं, "ताई, सील बदलून दे," की ती म्हणायची, "आधी जुनं का गेलं ते बघू."

"गेलं, गेलं! रबर आहे, जाणारच!"

"रबर जातं. पण कशानं जातं? थंडीत गाडी न तापवता हाकलीस? गेल्या वेळेला नट कुणी आवळला? तेल कुठलं घातलंस? वर मुंडी करून बघू दे मला."

माणसं चरफडत बसायची. अर्ध्या तासाचं काम दोन तासांवर जायचं. एकदा एक परगावचा ड्रायव्हर चिडून सील तसंच गळत ठेवून निघून गेला. तिनं त्याला थांबवलं नाही, फक्त जाताना त्याच्या काचेवर टकटक करून सांगितलं, "उतारावर गिअरमध्ये ठेव." तो परत आला की नाही, तिला कळलं नाही.

खांदसुरेननं माफी मागितली नाही. तिच्या गळ्याजवळचं हाड थोडं वाकडंच जुळलं, आणि हवा बदलली की ते दुखायचं. दुखलं की ती आधी योंदोनला शिव्या द्यायची, मग नोर्जमाला, हाच क्रम. पण दुसऱ्या उन्हाळ्यात ती एके दिवशी खड्ड्यावर आली, एकटी, आणि म्हणाली, "दाखव मला ते."

"काय?"

"ते. श्वास घेतं ते. कुठं असतं?"

नोर्जमानं तिला ट्रकखाली नेलं, तिचा हात धरून स्प्रिंगवरून वळवला आणि बोट नळीवर टेकवलं. खांदसुरेननं दोनदा स्वतः चाचपून पाहिलं.

त्यानंतर सत्तावीस नंबर कुठंही निघायचा म्हटलं की आधी खांदसुरेन हातात मोजे विणायची सुई घेऊन ट्रकखाली शिरायची. डेलचे, लांब अंगरख्याचे, पदर कमरेला खोचलेले, पाय बाहेर. सगळा गाव बघायचा.

"निघ बाहेर, लोक हसतायत," योंदोन ओरडायचा. "ट्रक कुणाचा आहे?"

"हाड कुणाचं आहे?" खालून आवाज यायचा.

ती पूर्ण नळी कोरून, सुई पुसून, अंगावरची धूळ झटकत केबिनमध्ये बसायची, आणि मगच योंदोनला इंजिन सुरू करायची परवानगी मिळायची. नदीच्या काठावर हाच कार्यक्रम पुन्हा. खुंटी ठोकायची तिनंच, पलीकडे गेल्यावर काढून खिशात टाकायची तिनंच.

त्या खेपेला नोर्जमानं नाकात घातलेलं नवं सील पुढं सात वर्षं चाललं. आठव्या हिवाळ्यात योंदोन ट्रक घेऊन आला, तेव्हा नोर्जमानं वास घेतला, खाली उतरली, नळी पाहिली, दांडी हलवली, आणि मग जुनं सील काढून उजेडात धरलं. ओठाला बारीक बारीक भेगा होत्या, सगळीकडून सारख्या.

"काय झालं त्याला?" योंदोननं विचारलं. आताशा तोच विचारायचा.

"काही नाही," ती म्हणाली. "म्हातारं झालं. दुसरं दे."